पंचनामा शिका घरबसल्या

अंदाज बांधण्यात बुलढाणा जिल्ह्याचा हात धरणारा दुसरा जिल्हा महाराष्ट्रात नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मध्ये मातीची ढेकळे, घागर, पुरी, पापड, करंजी, सांडई-कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य कुठे सरकले, पानविडा जागचा हलला का, हे बघून पाऊस किती, पीक कसे आणि राजा टिकणार की नाही, सगळे सांगून मोकळे होतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा मानतात ती. पण हा झाला पावसाआधीचा अंदाज. पाऊस पडून गेल्यावर जो अंदाज बांधतात त्याला पंचनामा म्हणतात, आणि तो शिकवणारे पुस्तक आमच्या तरी पाहण्यात नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

धडे कोणासाठी? मुख्यतः त्या तिघांसाठी, जे पुरानंतर एका मोटारसायकलवर बसून गावात येतात: तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. (अलीकडे तिघांचीही पदनामे बदलून भारदस्त केली आहेत. मोटारसायकल तीच आहे.) पण ज्याचे वावर वाहून गेले त्यानेही वाचायला हरकत नाही. आपले नुकसान नेमके किती झाले हे त्याला एरवी कळणार तरी कसे?

सरावासाठी सातपुड्यातून उतरून जळगाव जामोद शहराच्या कडेने किंवा संग्रामपूरच्या शिवारातून पूर्णेकडे जाणारा कोणताही नाला घ्या. उन्हाळ्यात त्यात बकऱ्या बसतात. २०२३ च्या जुलैत याच दोन तालुक्यांत अशा नाल्यांनी नद्यांची कामे केली होती. घाटावरच्या वाचकांनी मेहकर-लोणारकडचा, पैनगंगेला मिळणारा एखादा घ्यावा. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचाही सराव झाला आहे.

१. आधी पर्जन्यमापक बघा, वावर नंतर

पूर आला म्हटले की नवशिका पुराकडे धावतो. घाई नको. पूर आला की नाही, ही गावकऱ्यांनी सांगायची गोष्ट नव्हे. २४ तासांत तुमच्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. ६४ पडला तर नुसती सर. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, कुंपणाच्या आत, व्यवस्थित उभा असतो. पाऊस मात्र सातपुड्याच्या माथ्यावर पडतो, आणि दोन-तीन तासांनी नाल्याच्या वाटेने तुमच्या हद्दीत दाखल होतो. मग वावरात छातीएवढे पाणी आणि मंडळात ४१ मिलिमीटर, असा प्रकार घडतो. एखादा म्हातारा म्हणेल, "सायेब, पानी माह्या वावरात हाये अन् तुमचं माप तिकडं मंडळात हाये." त्याच्याशी वाद घालू नका. "बाबा, पूर ही वेगळी आपत्ती आहे, धरू आपण," असे सांगा. ते खरेही आहे; अतिवृष्टी नसली तरी नाल्याच्या पुराने झालेले नुकसान धरता येते. फक्त ते पाणी नाल्याचे होते की वरच्या धुऱ्यावरून उतरलेले, हे पाणी निघून गेल्यावर ठरवायचे असते. पाणी सही करून जात नाही.

२. पोशाख

पँट घोट्याच्या वर एकदाच दुमडा. गुडघ्यापर्यंत दुमडली तर लोक आत उतरायला सांगतात. फोटो मात्र चिखलात उभे राहूनच काढा. ॲपला रेंज लागते आणि रेंज गावाच्या पाण्याच्या टाकीवर असते. तिथून फोटो चढवलात तर अक्षांश-रेखांश टाकीचे येतात आणि कागदोपत्री टाकीच बुडाल्याचे दिसते. ते आपले आपण निस्तरा.

३. तेहतीस ओळखायला शिका

साऱ्या विद्येचा गाभा इथे आहे. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. ३२ टक्के असेल तर शून्य. शाळेत जसे ३५ ला पास आणि ३४ ला नापास, तसेच हे. फरक इतकाच, की इथे नापास होणाऱ्याचे पीक दोन आणे बरे असते आणि तेच त्याचे दुर्दैव.

पद्धत अशी. धुऱ्यावर उभे राहा. डोळे किंचित बारीक करा. वावराचे मनातल्या मनात तीन तुकडे पाडा. एक तुकडा गेला असे वाटले की झाले ३३. तसे लिहिताना चेहऱ्यावर हिशेब करत असल्याचा भाव ठेवा, ओठ हलवा.

एक अडचण सांगून ठेवतो. कपाशी आणि सोयाबीन ही दोन्ही पिके सरकारी कामकाजाला सहकार्य करत नाहीत. पाणी उतरल्यावर दोन दिवस कपाशी हिरवीगार उभी असते. तुम्ही २० टक्के लिहून जाता. मग ऊन पडते, गुदमरलेल्या मुळ्या हात टेकतात आणि अख्खे वावर मान टाकते. कृषी विद्यापीठाच्या भाषेत ही 'आकस्मिक मर'. आकस्मिक फक्त आपल्यासाठी. शेतकऱ्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असते, पण त्याचे म्हणणे लिहायला रकाना नाही. पुन्हा पंचनामा करा म्हणून तो तहसीलला अर्ज देईल. अर्ज घ्या, पोच द्या. पोच मिळाली की माणसाला बरे वाटते.

आता दर. केंद्राच्या निकषाने कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागेला २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. मधल्या काळात, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, राज्याने कोरडवाहूचा दर १३,६०० आणि मर्यादा तीन हेक्टर केली होती. २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा ८,५०० आणि दोन हेक्टर. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मोठ्या पॅकेजात मर्यादा परत तीन हेक्टर झाली आणि रब्बीसाठी आणखी हेक्टरी १०,००० मिळाले. तेव्हा शेतकऱ्याला एकच हिताचा सल्ला द्या: वाहून जायचेच असेल तर महिना बघून जावे.

हेक्टरी ८,५०० म्हणजे एकरी ३,४००. डीएपीची बॅग १,३५० ची. दोन बॅगा घेतल्या की ७०० उरतात. त्यात बियाणे, पेरणी, फवारणी, निंदणाची मजुरी आणि पोरांची वर्षभराची फी भागवायची. किंवा दुसरीकडून मोजा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८. म्हणजे एका एकरात फार तर ६४ किलो सोयाबीन पिकले असते, असे शासनाचे नम्र मत दिसते. शेतकरी हसला तर आपणही हसा. त्याने वातावरण हलके होते.

४. गाळ: खत की संकट?

हा धडा सावकाश वाचा, कारण इथे भलेभले अडखळतात.

नाल्याने वावरात गाळ आणून टाकला असेल तर खिशातली पट्टी काढा. थर तीन इंचांहून जास्त असेल तर गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये. अडीच इंच असेल तर निसर्गाची देणगी. पट्टी कुठे रोवायची हे तुमच्या हातात आहे. वावराच्या खोलगट कोपऱ्यात चार इंच निघतात, उंचवट्यावर एक. शेतकरी तुम्हाला कोपऱ्याकडे नेईल. साहेब रस्त्यावरून बघतील, आणि रस्ता बहुधा उंचवट्याकडे असतो.

इथपर्यंत सोपे आहे. घोटाळा पुढे. याच राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' नावाची योजना आहे. धरणातला, तलावातला गाळ काढून शेतकऱ्याने तो वावरात पसरायचा, आणि २०२३ च्या नव्या नियमांनुसार अल्पभूधारकाला त्यासाठी एकरी १५,००० पर्यंत अनुदान, अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५००. आपल्या जिल्ह्याने तर २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या मदतीने यंत्रांचा ताफा लावून गाळ उपसला आणि रस्त्याच्या कामाला नाल्या-तलावांतली माती-मुरूम देण्याचा 'बुलढाणा पॅटर्न' देशाला दाखवला. गाळ म्हणजे काळे सोने, असे फलक तेव्हा वाचल्याचे आठवते.

तर हिशेब असा होतो: गाळ ट्रॉलीतून आला तर एकरी १५,००० रुपयांची कमाई; तोच गाळ नाल्याने फुकट आणून पसरवला तर काढायला एकरी ७,२००. हुशार शेतकऱ्याने खरे तर पुराचा गाळ काढून धरणात नेऊन टाकावा आणि उन्हाळ्यात परत आणावा. दोन्ही अर्जांना सातबारा तोच लागतो. (नाल्याच्या गाळात गोटे, प्लास्टिक, कुणाच्या तरी गोठ्याचे पत्रे आणि शहराच्या गटारातले काय काय असते, हा भेद दोन्ही फॉर्मांत नाही, म्हणून आपणही करू नये.)

आणि गाळ आलाच नाही, उलट होती ती माती गेली असेल तर? त्याला 'खरडून गेलेली जमीन' म्हणतात. नाल्याने वळण सोडले, काळ्या मातीचा थर उचलला आणि खाली पांढरा मुरूम उघडा पाडून गेला. यासाठी अल्प आणि अत्यल्प भूधारकाला हेक्टरी ४७,०००. २०२५ च्या पॅकेजात त्यावर रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामे. इथे नवशिक्याने एक काळजी घ्यावी. आधी गावनकाशा काढावा. जिथून नाला आज वाहतो तिथे नकाशात शेत असेल, तर जमीन गेली. जिथे कालपर्यंत शेत होते तिथे नकाशात नालाच असेल, तर जमीन शेतकऱ्याची नव्हतीच, नाला फक्त आपल्या घरी परतला आहे. अशा वेळी शेतकऱ्याचे सांत्वन करा आणि अतिक्रमणाची नोटीस दुसऱ्या दिवशी पाठवा. एकाच दिवशी दोन्ही करू नये, वाईट दिसते. ती जमीन आजोबांनी कसली, बापाने कसली, एवढी वर्षे कोणी काही बोलले नाही, हे सगळे ऐकून घ्यावे. ऐकायला कोणताही निकष आड येत नाही.

५. घरे

नाल्याकाठची वस्ती ही शहराची बाजू. इथे प्रश्न दोन: घर पक्के की कच्चे, आणि किती पडले. पक्के घर पूर्ण पडले तर सपाट भागात १,२०,०००. अंशतः पडले, म्हणजे निदान १५ टक्के, तर ६,५००. कच्चे असेल तर ४,०००. झोपडी गेली तर ८,०००. गोठा ३,०००. आता भिंत मातीची, छप्पर टिनाचे, पुढची ओटी सिमेंटची आणि मागची न्हाणी विटांची, असे घर असेल तर ते कशात बसते? ते तुमच्या मनात बसते.

१५ टक्के मोजण्याचे उत्तम साधन म्हणजे दार. दार जागेवर असेल तर घर आहे.

कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००, कुटुंबामागे. केंद्राच्या निकषात यासाठी घर वाहून गेलेले तरी हवे, किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात हवे. आमचे नाले या बाबतीत फार बेशिस्त. मध्यरात्री येतात, गहू, तूर, गादी, मुलांची दप्तरे, आधार कार्डे सगळे भिजवतात आणि सकाळी नऊला निघून जातात. दोन दिवस मुक्काम करण्याची रीत त्यांना नाही. राज्य सरकार अधूनमधून ही अट सैल करते, तशी २०२३ च्या जुलैत मदतही ५,००० ची १०,००० केली होती. तोवर भिंतीवरच्या ओलाव्याची रेघ दाखवून कोणी काकुळतीला आले, तर रेघेची उंची जरूर लिहून घ्या. परदेशात म्हणे घरात पाणी किती फूट चढले यावरून नुकसान काढायचे तक्तेच तयार असतात. आपल्याकडे रेघ लिहून घेतात आणि उंचीचा रकाना नसल्याने शेऱ्यात टाकतात.

६. जनावरे

दुभती गाय-म्हैस ३७,५००, ओढकाम करणारा बैल ३२,०००, शेळी ४,०००, कोंबडी १००. एवढे पाठ करा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेलेले जनावर हजर पाहिजे. पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतील, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर टिपतील. पण पुरात मेलेली म्हैस गोठ्यात मरून पडत नाही, ती पूर्णेच्या दिशेने निघून जाते आणि कान सोबत नेते. मालकाकडे उरते ती दाव्याची दोरी. दोरीचा पंचनामा करता येतो, पण दोरीला मदत नाही.

७. ज्याला रकाना नाही

विहिरीवरची मोटार, तिची केबल, ठिबकच्या नळ्या, तुषारचे पाइप, तारेचे कुंपण, कडब्याची गंजी, नुकतीच आणलेली खताची पोती, बांधलेला धुरा. शेतकरी नेमके हेच सगळे आधी सांगतो, कारण सावकाराचे पैसे यातच गेलेले असतात. त्याला थांबवू नका. लिहितोय असे दाखवा. (गाळाने बुजलेल्या विहिरीला २०२५ च्या पॅकेजात ३०,००० धरले होते, त्यामुळे विहीर लिहा, तिच्यातली मोटार लिहू नका.)

८. आकडा वर पाठवणे

पुराच्या पहिल्याच संध्याकाळी वरून फोन येतो: प्राथमिक अंदाज द्या. तुम्ही अजून गावात पोचलेले नसता, कारण पूल पाण्याखाली आहे. घाबरू नका. शिवाराचे एकूण क्षेत्र घ्या, त्यातून नाल्यापासूनची लांबची वावरे वजा करा आणि उरेल त्याला बाधित म्हणा. एक पथ्य पाळा: आकडा गोल ठेवू नका. ८०० हेक्टर म्हटले की अंदाज वाटतो, ८१३.४० म्हटले की मोजणी.

हा आकडा दुसऱ्या दिवशी छापून येईल, आमदार तो सभागृहात सांगतील. महिन्याभराने अंतिम अहवालात तो खाली येईल. मधले हेक्टर गेले कुठे, असे पत्रकार विचारील. ते ३२ टक्क्यांवर गेले.

आकडा फुगवायचा मोह मात्र आवरा. शेजारच्या जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडे अतिवृष्टीच्या अनुदानात जमीन नसलेल्यांच्याही नावाने पैसे निघाल्याचे चौकशीत समोर आले आणि तलाठी निलंबित झाले. खरे नुकसान कमी लिहिल्याबद्दल निलंबित झालेला तलाठी आमच्या ऐकिवात नाही. यातून काय शिकायचे ते ज्याचे त्याने शिकावे.

९. पाहणी दौरे

पालकमंत्री येतील. २०२५ साली तर राज्याचे मदत व पुनर्वसन मंत्री मकरंद पाटील हेच आपले पालकमंत्री होते. एवढा जवळचा वशिला कोणत्या जिल्ह्याला मिळतो? दौऱ्यासाठी रस्त्यालगतचे, गाडीतून उतरल्यावर दहा पावलांवरचे, मध्यम उद्ध्वस्त वावर निवडा. फार उद्ध्वस्त नको, बूट रुततात.

केंद्राचे पथक सर्वांत शेवटी येते. २०२५ च्या सप्टेंबरातल्या मराठवाड्यातल्या पुराची पाहणी करायला ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. तोपर्यंत माणसे थांबत नाहीत; उधार-उसनवार करून वावर साफ करतात, हरभरा पेरतात, आणि पथकाला नुकसानीच्या जागी कोवळे हिरवे कोंब दिसतात. म्हणून गावात एखाद्या शेतकऱ्याला विनंती करून एक वावर जसेच्या तसे राखून ठेवा. त्याचा रब्बी हंगाम बुडेल, पण त्यासाठी वेगळा पंचनामा करता येईल.

१०. पैसे

यादी तयार झाली, विशिष्ट क्रमांक पडला, आता शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा. चिखल उपसून त्याच्या बोटांच्या रेषा पुसल्या असतील तर यंत्र त्याला ओळखत नाही. शेतकरी ओळख क्रमांक हवा, ई-पीक पाहणी केलेली हवी. केली नसेल तर कागदावर वावर पडीक, आणि पडीक वावरातले पीक वाहून कसे जाईल? खाते सामाईक असेल तर पुण्यातल्या दोन भावांची आणि भुसावळला दिलेल्या बहिणीची संमती हवी. ५,१०० रुपयांसाठी तीन संमतिपत्रे. भाऊबंदकी जागवण्याचे एवढे स्वस्त साधन दुसरे नाही.

विमा हा पुढच्या इयत्तेचा विषय, इथे तोंडओळख पुरे. खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा मिळत असे आणि नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचे असे. शेतकऱ्यांना हे नुकतेच पाठ झाले होते, म्हणून खरीप २०२५ पासून दोन्ही बंद केले. आता हप्ता भरायचा आणि पीक कापणी प्रयोगात जे निघेल ते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस शेजारच्या अकोला जिल्ह्यात काही खात्यांत विम्याचे ३ रुपये, ५ रुपये, २१ रुपये जमा झाले. शेतकऱ्यांनी ते जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन परत केले. नवशिक्याने लक्षात घ्यावे, की इतक्या अचूक रकमा अंदाजाने येत नाहीत. त्यामागे गणित असते.

११. पैसेवारी

हे सगळे उरकले की वाटते सुटलो. अजून नाही. खरिपाची अंतिम पैसेवारी, म्हणजे गावाचे पीक रुपयात किती पैसे आले याचा अंदाज, ३१ डिसेंबरला जाहीर व्हायची असते. ती ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईचे: सारामाफी, वीजबिलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आली तर गाव सुखी आणि वसुली चालू. त्या दिवशी चावडीवर कोणीतरी नाल्याकाठचा उभा राहील आणि विचारील, "सायेब, माह्या वावरात तं दाना नाई पिकला, मंग हे एक्कावन पैसे कोनाचे?" नकाशा उघडा, नाल्यापासून लांबच्या वरच्या आळीच्या वावरांवर बोट ठेवा आणि शांतपणे सांगा, की पैसेवारी गावाची काढतात, वावराची नाही.